न्यूमोनिया बरा झाला, चालणं गेलं: वृद्धांची रुग्णालयातली काळजी

८० वर्षांची बाई न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होते. सातव्या दिवशी ताप नाही, ऑक्सिजन लागत नाही, छातीचा एक्स-रे सुधारलेला. ‘घरी सोडण्यास हरकत नाही’ असा शेरा फाईलवर पडतो. उठवायला गेल्यावर मात्र कळतं, की आठवड्यापूर्वी एकटीने संडासला जाणाऱ्या या बाईला आता दोघांनी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही.

हा प्रकार अपवादात्मक नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या दोन रुग्णालयांमधल्या ७० वर्षांवरच्या २,२९३ रुग्णांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. अंघोळ, कपडे घालणं, खाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं आणि संडासला जाणं ही पाच साधी कामं त्यात मोजली होती. दाखल होण्याच्या दोन आठवडे आधी जे जमत होतं, त्यातलं काहीतरी घरी जाताना जमेनासं झालेले रुग्ण निघाले ३५ टक्के. काहींची ताकद आजाराने आधीच हिरावली होती आणि ती परत आली नाही. बाकीच्यांची रुग्णालयात आल्यावर गेली.

हा दुसरा गट टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी नवं यंत्र किंवा महागडं औषध लागत नाही. खाट, नळ्या, गोळ्या आणि रात्र या चार गोष्टी वॉर्डात कशा वापरल्या जातात, यावर बरंचसं ठरतं.

पहिला प्रश्न: दोन आठवड्यांपूर्वी काय जमत होतं?

दाखल करताना रक्तदाब, साखर, ऑक्सिजन सगळं नोंदलं जातं. हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारायचा राहतो. मग स्ट्रेचरवर निपचित पडलेली व्यक्ती बघून वॉर्ड धरून चालतो, की ‘या अशाच असतील’. एकदा तसं गृहीत धरलं, की त्यांना उठवायची घाई कुणालाच नसते. असंबद्ध बोलणं नवीन आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून घरच्यांनी पहिल्या २४ तासांत एका कागदावर लिहून द्यावं: वरच्या पाच कामांपैकी कोणती एकट्याने, कोणती आधाराने; काठी किंवा वॉकर लागतो का; गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडल्या; पैशांचे हिशोब आणि स्वतःच्या गोळ्या सांभाळतात का; चष्मा, कवळी, कानाचं मशीन यांपैकी काय वापरतात; झोप कधी लागते; पोट रोज साफ होतं का. शेवटी एक ओळ अशी: ‘बरं होऊन परत काय करता यावं, असं त्यांना स्वतःला वाटतं?’ कुणाला देवघरापर्यंत चालायचं असतं, कुणाला फक्त दुखणं थांबायला हवं असतं. या दोघांचे उपचार सारखे असू शकत नाहीत. कागदाची एक प्रत फाईलमध्ये लावा, एक खाटेजवळ ठेवा.

डॉक्टरांसाठी याचंच मोजमाप म्हणजे केनेथ रॉकवुड यांच्या गटाने तयार केलेली १ ते ९ ची क्षीणतेची मोजपट्टी. १ म्हणजे ठणठणीत. ५ आणि त्यापुढे अवजड कामांना, बाहेरच्या व्यवहारांना दुसऱ्याची मदत लागू लागते. ८ म्हणजे पूर्ण परावलंबी, आणि ९ आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या लोकांसाठी. नेहमी होणारी चूक अशी, की आज दिसणाऱ्या अवस्थेवरून आकडा लावला जातो. तो दोन आठवड्यांपूर्वीच्या अवस्थेवरून लावायचा असतो. ३ वरचा माणूस तापाने ७ सारखा दिसतो, आणि ७ लिहिलं की उपचारांची उमेद तिथेच आखडते.

आणखी एक अडचण म्हणजे म्हातारपणी आजार पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दिसत नाही. जंतुसंसर्ग असून ताप नसतो, हृदयविकाराचा झटका असून छातीत दुखत नाही, फक्त धाप लागते किंवा गळून गेल्यासारखं होतं. ‘अचानक पडल्या’, ‘जेवण सोडलं’, ‘कालपासून वेगळ्याच वागतायत’ ही वाक्यं नातेवाईक चुटपुटत सांगतात. १०२ तापाच्या नोंदीइतकंच वजन त्यांना द्यायला हवं.

खाट

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं. खाणंपिणं व्यवस्थित, आजार काही नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला सुमारे १ किलो स्नायू गेला. आजारी माणसात ही झीज आणखी वेगाने होते, कारण दाह स्नायू तोडतो आणि भूक मेलेली असते.

प्रत्यक्ष वॉर्डात काय होतं? २००९ च्या एका अभ्यासात ४५ वृद्ध रुग्णांना हालचाल मोजणारी यंत्रं लावली. आधाराशिवाय चालता येतं असेच बहुतेक जण होते. तरीही दिवसाचा ८३ टक्के वेळ ते आडवे होते. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला साधारण ४३ मिनिटं.

कुणी ‘झोपून राहा’ असं सांगितलेलंही नसतं. सलाईनची नळी असते, खाट उंच असते, चप्पल सापडत नाही, खुर्चीवर नातेवाईकाची पिशवी असते आणि ‘पडलात तर?’ ही धास्ती सगळ्यांनाच असते. पडू नये म्हणून उठवायचं नाही, न उठवल्याने पाय लटपटतात, आणि मग पहिल्यांदा उठताना माणूस पडतोच. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. आमच्या मते ती पहिल्याच दिवशी तोडावी.

त्याची रीत अशी. हाड मोडलेलं, रक्तदाब फार खाली, छातीत चालू दुखणं अशी स्पष्ट मनाई नसेल, तर दाखल झाल्यापासून २४ तासांत एकदा तरी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं. आधी खाट खाली घ्यायची, बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. घोट्यापर्यंत बसणारी, न घसरणारी पादत्राणं घालायची. नुसते मोजे चालणार नाहीत. एक-दोन मिनिटं बसू द्यायचं, गरगरतं का विचारायचं, मगच उभं करायचं.

गरगरत असेल तर रक्तदाब तपासायची ठरलेली पद्धत आहे: पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, उभं केल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना रक्तदाब पडतो आहे. कारण बहुधा पाणी कमी पडणं किंवा रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या हे असतं. अशा वेळी गोळ्या तपासा. माणसाला आडवं ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिन्ही वेळचं जेवण खुर्चीत बसून, आणि दिवसातून तीनदा चालणं. संडासपर्यंत चालत जाणं हा फिजिओथेरपिस्टशिवाय होणारा सर्वांत चांगला व्यायाम आहे. बेडपॅन दिला की तोच बुडतो. वॉकर वापरणाऱ्याचा वॉकर घरून आणा. त्याची उंची बघायची खूण सोपी आहे: हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे.

खाटेच्या कठड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. गोंधळलेला माणूस कठडा बघून थांबत नाही, तो ओलांडून जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. सर्वांत खाली घेतलेली खाट, पायाशी मंद दिवा आणि ठरावीक वेळाने ‘लघवीला जायचंय का?’ ही विचारणा जास्त उपयोगी पडते. रुग्णालयातली बरीच पडझड संडासला जाण्याच्या घाईत होते.

स्पेनमध्ये पांप्लोना इथे ३७० रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्यांचं सरासरी वय ८७. रोज सकाळ-संध्याकाळ सुमारे २० मिनिटं बेताचा व्यायाम दिला: खुर्चीतून उठणं, पायांची ताकद, तोल, चालणं. २०१९ साली निष्कर्ष आले. नेहमीची काळजी मिळालेल्या गटाची रोजच्या कामांची क्षमता घरी जाईपर्यंत घसरली होती, व्यायाम केलेल्यांची वाढली होती. ८७ हे सरासरी वय आहे, हे लक्षात ठेवलं तर ‘या वयात कसला व्यायाम’ हा आक्षेप उरत नाही.

‘वातात बडबडणं’ म्हणजेच डेलिरियम

काल व्यवस्थित बोलणारे आजोबा आज सलाईन उपटतात, मेलेल्या भावाशी बोलतात, नर्सला चोर समजतात. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला, वॉर्डात म्हणतात वय झालं. दोन्ही चूक. काही तासांत किंवा दिवसांत सुरू झालेला आणि दिवसभर कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डेलिरियम. ही मेंदूची तातडीची अवस्था आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो, डेलिरियम अचानक येतो. स्मृतिभ्रंश असलेल्याला डेलिरियम जास्त सहज होतो, म्हणून दोन्ही एकत्रही दिसतात.

आरडाओरडा करणारा रुग्ण कुणाच्याही नजरेत भरतो. खरा धोका गप्प प्रकारात आहे. माणूस गुंगीत पडून असतो, विचारलं तर ‘हं’ म्हणतो, जेवण तसंच राहतं. ‘शांत आहेत, त्रास देत नाहीत’ अशी नोंद होते आणि निदान हुकतं.

तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. एडिंबरामध्ये विकसित झालेल्या ‘फोरएटी’ या चाचणीत चार भाग आहेत. एक, जागेपण: गुंगीत किंवा फार अस्वस्थ असतील तर ४ गुण. दोन, वय, जन्मतारीख, हे ठिकाण कोणतं आणि चालू वर्ष कोणतं: एक चूक १ गुण, दोन किंवा जास्त चुका २ गुण. तीन, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगायचं: सात महिने बरोबर आले तर ०, त्याआधी अडकले किंवा म्हणायचंच नाकारलं तर १, चाचणी घेताच येत नसेल तर २. चार, गेल्या काही दिवसांत अचानक झालेला किंवा कमी-जास्त होणारा बदल: असल्यास ४. बेरीज ४ किंवा त्यावर गेली, तर डेलिरियम असण्याची शक्यता धरून पुढे जायचं. चौथा भाग नातेवाईकांशिवाय भरताच येत नाही. पहिल्या दिवसाचा कागद इथे पुन्हा कामी येतो.

मग कारण शोधायचं. एकच कारण क्वचित सापडतं, तीन-चार मिळून येतात. तपासायचा क्रम असा: ऑक्सिजन आणि रक्तातली साखर आधी, मग जंतुसंसर्ग, सोडियम, पाण्याची कमतरता, मग गेल्या तीन दिवसांत सुरू झालेली किंवा बंद झालेली औषधं, मग दुखणं, आणि शेवटी हमखास विसरल्या जाणाऱ्या दोन गोष्टी, तुंबलेली लघवी आणि साचलेला मळ. पोटाच्या खालच्या भागावर सोनोग्राफीचं छोटं यंत्र टेकवून लघवी किती साचली आहे ते मिनिटभरात दिसतं. मेंदूचा सीटी स्कॅन डोक्याला मार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा नवा लुळेपणा असेल तर तातडीचा. एरवी त्याच्या आधी मळ आणि लघवी बघा.

लघवीच्या तपासणीने मात्र फसू नये. उतारवयात लघवीत जंतू असणं फार सामान्य आहे, विशेषतः बायकांमध्ये. जळजळ नाही, ताप नाही, नुसता गोंधळ आहे आणि अहवालात जंतू आले म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं, की खऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो.

डेलिरियम झाल्यावर तो आटोक्यात आणण्यापेक्षा आधी टाळणं खूप सोपं. शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर हे दाखवलं. सहा गोष्टींवर रोज लक्ष ठेवलं: स्मरण आणि भान, झोप, हालचाल, नजर, ऐकणं, पाणी. १९९९ साली आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या काळजीत १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, या गटात ९.९ टक्के. एकदा झाल्यावर त्याच्या तीव्रतेत मात्र विशेष फरक पडला नाही. त्यातलं बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं.

घरच्यांना हेच करता येतं. चष्मा आणि कानाचं मशीन दाखल होताना सोबत आणा. ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवलेलं मशीन म्हणजे बहिऱ्या माणसाला परक्या जागी सोडणं. मोठं घड्याळ आणि तारीख नजरेच्या टप्प्यात. दर वेळी स्वतःचं नाव आणि नातं सांगून बोलणं सुरू करा. ‘ओळखलंत का मला?’ अशी परीक्षा घेऊ नका. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. ते भलतंच बोलत असतील तर वाद घालू नका, होकारही देऊ नका. ‘तुम्ही रुग्णालयात आहात, मी इथेच आहे’ एवढंच शांतपणे सांगा.

हातपाय बांधल्याने अस्वस्थता वाढते. गुंगीच्या इंजेक्शनाने रात्र शांत जाते, पण सकाळ आणखी गढूळ होते. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली, तरच कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी औषध. कंपवात असेल तर हॅलोपेरिडॉल टाळायचंच.

रात्र

झोपेची गोळी लिहिण्याआधी झोप कोण मोडतंय ते बघावं. रात्री २ वाजता रक्तदाब, ४ वाजता रक्ताचा नमुना, ५ वाजता अंघोळीची तयारी. प्रकृती स्थिर असलेल्या माणसाची मधली तपासणी डॉक्टरांना विचारून वगळता येते. लघवी वाढवणारी गोळी दुपारनंतर देऊ नये, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. काहीतरी गरम प्यायला, पाठीला हलका मसाज, शांत संगीत: येलच्या कार्यक्रमात झोपेसाठी हेच वापरलं होतं.

गोळ्या

रुग्णालयात येताना औषधांची चिठ्ठी आणू नका, पिशवी आणा. गोळ्यांच्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, फवारे, आयुर्वेदिक चूर्णं, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी, सगळं. चिठ्ठीवर लिहिलेलं आणि पोटात जाणारं यांत हमखास फरक असतो.

वयस्क शरीरात औषध का साचतं, हे एका हिशोबातून कळतं. मूत्रपिंडाचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच कमी असतील तर आकडा खोटा चांगला दिसतो. ८२ वर्षांची, ४५ किलोची बाई, क्रिएटिनिन १.०, म्हणजे अहवालात ‘सामान्य’. आता मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावू: १४० मधून वय वजा, म्हणजे ५८, गुणिले वजन ४५, म्हणजे २,६१०, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), म्हणजे साधारण ३६, बाई म्हणून गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला ३१ मिलिलिटर. बऱ्याच अँटिबायोटिकांची आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांची मात्रा एवढ्या आकड्यावर कमी करावी लागते. ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ म्हणून पूर्ण मात्रा लिहिली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुष्परिणाम दिसू लागतात.

काही औषधं वृद्धांमध्ये शक्यतो टाळावीत, त्यांची यादी मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती वेळोवेळी सुधारते, २०२३ ची आवृत्ती उपलब्ध आहे. वॉर्डात वारंवार भेटणारी त्यातली नावं: सर्दी-खाजेसाठीची क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, झोपेसाठीची डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, नैराश्यासाठीची अमिट्रिप्टिलिन, मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड, जिच्यामुळे साखर धोकादायक खाली जाऊन तिथेच रेंगाळते. पहिल्या गटातल्या गोळ्या लघवी अडवतात, पोट आवळतात, तोंड कोरडं करतात आणि भान घालवतात. खाजेच्या एका गोळीतून चार तक्रारी उभ्या राहतात.

त्या चार तक्रारींना चार गोळ्या दिल्या, की सुरू होते औषधांची माळ. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी येते, तिने सोडियम-पोटॅशियम उतरतं, त्याने गरगरतं, गरगरण्याला आणखी एक गोळी. म्हणून नवी तक्रार आली की पहिला संशय शेवटच्या नव्या गोळीवर घ्यायचा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी दाखल होताच एकदम बंद केली, तर तिसऱ्या दिवशी थरथर, झटके किंवा डेलिरियम येऊ शकतो. ती हळूहळूच कमी करायची. रोज दारू घेणाऱ्याचंही तसंच, आणि हे नातेवाईकांनी संकोच सोडून सांगावं. कंपवाताची लेव्होडोपा तर घरच्या वेळेवरच मिळायला हवी. वॉर्डाच्या औषधफेरीची वाट पाहत दोन तास उशीर झाला, तर माणूस ताठरतो, गिळता येत नाही, ठसका लागतो. त्या रुग्णाला उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये.

वेदनाशामक कमी दिल्यानेही नुकसान होतं. दुखत असलेला माणूस हलत नाही, खोकत नाही, झोपत नाही. पॅरासिटामॉल ‘दुखलं तर घ्या’ असं लिहिण्यापेक्षा ठरलेल्या वेळांना द्यावं, वजन ५० किलोच्या खाली असेल तर मात्रा कमी. अफूच्या वर्गातलं औषध सुरू केलं, तर त्याच दिवशी पोट साफ करणारं औषधही सुरू.

नळ्या

लघवीची नळी सोयीची वाटते, म्हणून राहते. ती असेल तर दर दिवसामागे लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. शिवाय ती माणसाला खाटेला बांधून ठेवते. लघवी अडली आहे, अतिगंभीर रुग्णाची तासातासाची लघवी मोजायची आहे, कमरेखालची जखम ओली होते आहे, किंवा आयुष्याच्या अखेरीस आराम म्हणून, एवढीच तिची खरी कारणं. ‘चादर ओली होते’ हे कारण नाही. रोज सकाळच्या राउंडला एकच प्रश्न पुरेसा: ‘ही आज का आहे?’ उत्तर नसेल तर काढा. काढल्यावर सहा तासांत लघवी झाली का, हे मात्र बघायचं. सलाईनलाही हाच प्रश्न. तोंडाने पिता येत असेल आणि शिरेतून औषध नसेल, तर सलाईन फक्त हात अडकवते.

खाणं, त्वचा, शस्त्रक्रिया

उतारवयातल्या आजारी माणसाला दिवसाला किलोमागे सुमारे ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोला १,५०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिनं. अर्धं ताट परत जात असेल तर ‘भूक नाही’ असं लिहून सोडू नका. कवळी कुठे आहे, तोंड आलंय का, ताट हाताला पोचतं का, झाकण उघडता येतं का ते बघा. खाताना कंबर सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. रोज दोनदा दात आणि कवळी घासल्याने तोंडातले जंतू छातीत उतरण्याचा धोका कमी होतो.

हलता न येणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, पूर्ण कुशीवर नाही, ३० अंशांत तिरकं. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. बेडसोर माकडहाडाइतकाच टाचेलाही होतो. ओढून सरकवू नका, चादरीसकट उचला.

खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया ३६ ते ४८ तासांत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी उभं करावं. ‘मध्यरात्रीपासून पाणीही बंद’ ही जुनी सवय सोडायला हवी. सर्वसाधारण नियम घन अन्न ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद, एवढाच आहे. यादीत नंबर मागे ढकलला गेला की दुपारपर्यंत कोरडं राहिलेलं शरीर संध्याकाळी भान हरपतं.

हे सगळं कुणी जुळवायचं?

१९३५ पासून इंग्लंडमध्ये मार्जरी वॉरेन या डॉक्टरांनी वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्या शेकडो वृद्धांना एकेक करून तपासलं. कुणाचं निदानच झालेलं नव्हतं, कुणाला कधी उभंच केलेलं नव्हतं. त्यांतले बरेच घरी गेले. त्यातून आलेली पद्धत म्हणजे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, औषधतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी एका माणसाचं मिळून मूल्यमापन करून एकच योजना आखणं. २०१७ साली २९ चाचण्या आणि १३,७६६ रुग्ण एकत्र धरून पाहिलं, तेव्हा अशी काळजी मिळालेले लोक तीन ते बारा महिन्यांनंतर जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त होती. वेगळा वॉर्ड नसला, तरी आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी १५ मिनिटं एकत्र उभं राहून त्या कागदावर बोलणं कुठेही जमतं.

घरी जाताना

घरी जाण्याची तयारी शेवटच्या दुपारी होत नाही, दुसऱ्या दिवशीच सुरू करावी लागते. घरात पायऱ्या किती, संडास कसा, रात्री सोबत कोण. पायऱ्या असतील तर सोडण्याआधी तेवढ्या पायऱ्या चढवून बघा.

औषधांची यादी तीन रकान्यांत मागा: नवीन, मात्रा बदललेलं, बंद केलेलं. प्रत्येकासमोर कारण, आणि नव्यासमोर ते किती दिवस घ्यायचं. बंद केलेल्याचा रकाना नसेल तर घरी जुनी पट्टी आणि नवी पट्टी दोन्ही चालू राहतात, आणि दोन नावांचं एकच औषध दुप्पट जातं. सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण सगळे ‘हो’ म्हणतात. ‘आज रात्री कोणत्या गोळ्या द्याल, मला दाखवा’ असं म्हणावं.

कोणत्या खुणा दिसल्या तर कुणाला फोन करायचा, हे नंबरासह लिहून घ्या: नवा गोंधळ, दोन जेवणं सुटणं, आठ तास लघवी नाही, पडणं, धाप. रुग्णालयाकडून दोन-तीन दिवसांत एक फोन यावा, न आल्यास तुम्ही करा.

डेलिरियम घरी गेल्यावरही काही आठवडे रेंगाळू शकतो. त्या काळात स्मृतिभ्रंशाचं निदान करू नये आणि मालमत्तेच्या कागदांवर सह्या घेऊ नयेत. स्मरणशक्तीची नीट तपासणी दोन-तीन महिन्यांनी करावी. पहिल्या दिवशी लिहिलेला कागद फाईलमधून काढून सोबत घ्या. त्यावर आजची तारीख टाकून पाचही कामं पुन्हा भरा, महिन्याने परत भरा. जे काम परत आलेलं नाही, ते घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा.